वस्तरा, पोथी आणि शल्यतंत्र
फ्रान्समधील १७४३ ची राजाज्ञा आणि आपल्यापुढील प्रश्न

आयुर्वेदाच्या आठ अंगांची गणना करताना सुश्रुताचार्यांनी शल्यतंत्राला अग्रस्थान दिले. यंत्र, शस्त्र, क्षार आणि अग्नी यांच्या साहाय्याने हे तंत्र शीघ्र फल देते, हे त्यामागील एक कारण त्यांनीच सांगितले आहे. असे असूनही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातील एखाद्या खेड्यात कोणास करट झाले, गळू पिकले किंवा दूषित रक्त काढण्याची वेळ आली, तर शस्त्र घेऊन येणारा मनुष्य सहसा वैद्य नसे. तो गावचा न्हावी असे. वैद्याने नाडी पाहावी, पथ्य सांगावे, मात्रा उगाळून द्यावी. आणि वस्तरा मात्र न्हाव्याने चालवावा, अशी ही वाटणी होती.

ही वाटणी केवळ आपल्याच भूमीत झाली असे नाही. युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, शल्यकर्म आणि क्षौरकर्म ही शतकानुशतके एकाच दुकानात नांदत होती. तेथे १७४३ साली राजाज्ञेने ती अधिकृतपणे विभक्त झाली आणि शल्यचिकित्सक हा स्वतंत्र, विद्याविभूषित व्यावसायिक ठरला. आयुर्वेदातील शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर वैद्यांना कोणती शस्त्रकर्मे करता येतील, हा प्रश्न २०२० पासून आपल्या देशात गाजतो आहे. म्हणून तो जुना फ्रेंच इतिहास आपल्या इतिहासाशेजारी ठेवून पाहणे आम्हांस उपयुक्त वाटते. न्हाव्यापासून शल्यचिकित्सक वेगळा झाला तो नेमका कशामुळे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

एका पंखाचा पक्षी

प्रथम आपल्या घरापासून आरंभ करू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्याच्या घडणीविषयी जे विवेचन आहे, ते आजही प्रत्येक शल्यविद्यार्थ्याने मनन करावे असे आहे. जो केवळ शास्त्र जाणतो पण कर्मात निपुण नाही, तो रुग्णासमोर उभा राहताच गोंधळतो. जो केवळ कर्म जाणतो पण शास्त्र जाणत नाही, त्याला सज्जनांत मान नाही आणि तो राजदंडास पात्र आहे. हे दोघेही अर्धवट असून एका पंखाच्या पक्ष्यासारखे आपल्या कार्यास असमर्थ आहेत, असे सुश्रुताचार्यांचे मत आहे.

हे केवळ उपदेशापुरते नव्हते. योग्यासूत्रीय अध्यायात कोहळा, दुध्या, कलिंगड अशा फळांवर छेद्य कर्माचा, पाणी वा चिखल भरलेल्या पिशव्यांवर भेद्याचा, केसाळ ताणलेल्या कातड्यावर लेख्याचा, मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर वेध्याचा सराव सांगितला आहे. शारीरस्थानात मृत देह वाहत्या पाण्यात ठेवून, हळूहळू त्वचा दूर करीत अंगप्रत्यंगे डोळ्यांनी पाहण्याची रीत दिली आहे. पुढे विशिखानुप्रवेशनीय अध्यायात, शास्त्र शिकून, अर्थ समजून, कर्म पाहून व स्वतः करून झाल्यावरही राजाची अनुज्ञा घेतल्यानंतरच व्यवसायात उतरावे, असे बजावले आहे. शिक्षण, सराव, शवदर्शन आणि शासनाची अनुज्ञा हे व्यवसायाचे चारही आधारस्तंभ येथे एकत्र उभे आहेत.

मग ही पूर्ण दृष्टी दुभंगली कशी? याचे एकच एक कारण सांगता येणार नाही. शव, रक्त, पू यांच्या स्पर्शाविषयी धर्मशास्त्रात वाढत गेलेली अशुचीची कल्पना हे एक ठळक कारण होय. मनुस्मृतीने चिकित्सकाचे अन्नही निषिद्ध ठरवले आहे. पुढच्या काळातील संग्रहग्रंथांत निदान, रसौषधी आणि कल्प यांचा विस्तार झाला. शस्त्रकर्माचे वर्णन क्षीण होत गेले. शार्ङ्गधरसंहितेच्या उत्तरखंडात रक्तमोक्षणाचा अध्याय आहे, पण सुश्रुताच्या शस्त्रागाराचा तो विस्तार तेथे नाही. पोथी वैद्याच्या घरी राहिली आणि हात मात्र दुसऱ्यांच्या घरी गेला. पक्ष्याचे दोन पंख दोन घरांत वाटले गेले, असे म्हणावे लागते.

गावगाड्यातील शस्त्रकर्म

तो हात कोणाकोणाकडे गेला? तुंबडी लावणे, फासण्या मारणे, शीर तोडणे, जळवा लावणे, पिकलेले गळू फोडणे ही कामे न्हाव्याकडे आली. मोडलेले हाड बसवणारे हाडवैद्य वेगळे होते. झोळीत जडीबुटी आणि हातात तुंबडी घेऊन गावोगाव हिंडणारे वैदू होते. बाळंतपण सुईणीकडे होते. न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याच्या कामाचा मोबदला सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. दाढी-हजामतीपलीकडे तो जी चार शस्त्रकर्मे करी, त्यांचाही हिशोब बहुधा त्याच बलुत्यात मुरत असे.

या मंडळींविषयी आपल्या लेखनात अनेकदा तुच्छतेचा सूर येतो. तो आम्हांस मान्य नाही. ज्या शतकांत पदवीधर वैद्यांच्या पूर्वसूरींनी शस्त्राला हात लावणे सोडले होते, त्या शतकांत सुश्रुताच्या अष्टविध शस्त्रकर्मांपैकी भेदन, वेधन आणि विस्रावण याच लोकांनी जिवंत ठेवले. त्यांच्यापाशी उणीव होती ती शास्त्राची, म्हणजे दुसऱ्या पंखाची. आणि ती उणीव त्यांनी स्वतः निर्माण केलेली नव्हती. त्यांचा हात किती पुढे जाऊ शकत होता, याचे जगप्रसिद्ध उदाहरण साताऱ्याहून फार दूर नसलेल्या पुण्याच्या परिसरातीलच आहे.

पुण्याजवळचे नासासंधान

इंग्रज आणि टिपू सुलतान यांच्यातील १७९२ च्या युद्धात कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकण्याचे काम करीत होता. तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. त्यानंतर पुण्याजवळ एका इसमाने त्याला नवे नाक बसवले. ही हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात चित्रासह प्रसिद्ध झाली. हे मूळ चित्र जेम्स वेल्स या चित्रकाराने जानेवारी १७९४ मध्ये, म्हणजे शस्त्रकर्मानंतर सुमारे दहा महिन्यांनी काढले होते.

त्या वृत्तांतातील तपशील वैद्यांनी आणि औषधालयाच्या चालकांनी मुद्दाम ध्यानी घ्यावा असा आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून नाकाचा आकार घेतला जाई. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवत आणि त्याच्या कडेने रेघ आखत. तेवढी त्वचा कपाळावरून सोडवली जाई. मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये तिचा एक देठ जोडलेला ठेवीत, म्हणजे नवा भाग बसेपर्यंत रक्ताभिसरण चालू राही. त्वचा वळवून नाकाच्या जागी बसवल्यावर सांध्यांवर कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर लावीत आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवीत. चार दिवस दुसरा कोणताही लेप नाही. त्यानंतर तुपात भिजवलेल्या पट्ट्या. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणे निजावे, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापड घालावे आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी तो देठ तोडावा, असा क्रम होता.

इंग्रज व्यापारी त्या काळी काताला ‘जपानी माती’ म्हणत आणि वृत्तांतात तोच शब्द आहे. खदिराचा कषाय रस, त्याचे स्तंभन व रोपण हे गुण आपल्याला परिचित आहेत. तूप हेही आपल्या व्रणोपक्रमातील नित्याचे द्रव्य. सुश्रुताच्या नासासंधानात मात्र गालाच्या बाजूची त्वचा घेतली आहे, आकार पानावरून मोजला आहे आणि अवचूर्णनासाठी पतंग, यष्टिमधु व अंजन ही द्रव्ये सांगितली आहेत. पुण्याच्या कारागिराने कपाळाची त्वचा घेतली. म्हणजे त्याच्यापर्यंत पोथी पोचली नव्हती, परंपरा पोचली होती; आणि त्या परंपरेने वाटेत स्वतःची सुधारणाही केली होती. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज वैद्यकीय अधिकाऱ्यांनी असे शस्त्रकर्म प्रत्यक्ष पाहिल्याचे त्या वृत्तांतात नमूद आहे. या माहितीच्या आधारे लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने आधी मृत देहांवर सराव केला, १८१४ मध्ये एका रुग्णावर शस्त्रकर्म केले आणि १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. आधुनिक युरोपातील नासासंधानाचा नवा आरंभ तेथून मानला जातो.

आता या हकीकतीतील एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. रुग्णाचे नाव आपल्याला ठाऊक आहे. चित्रकाराचे नाव ठाऊक आहे. ते पाहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांची नावे छापलेली आहेत. लंडनच्या अनुकरणकर्त्याचे नाव तर जगाच्या इतिहासात आहे. ज्याने नाक बसवले, त्याच्याविषयी मात्र तो विटा तयार करणाऱ्या जातीचा होता, एवढेच लिहिले आहे. त्याचे नाव नाही, त्याच्या इतर रुग्णांची नोंद नाही, त्याला कोणी शिष्य होता की नाही याचा पत्ता नाही. हात इतका निष्णात आणि तरीही व्यवसाय नाही. असे का झाले, याचे उत्तर त्याच शतकातील फ्रान्सकडे पाहिले असता मिळते.

फ्रान्समधील दीर्घ वाटचाल

ख्रिस्ती धर्मसभेने १२१५ मध्ये उच्च पदावरील धर्मोपदेशकांना दाह आणि छेद करणारे शल्यकर्म करण्यास मनाई केली. त्या काळी विद्या मुख्यत्वे धर्मपीठांच्या आश्रयाने चाले. त्यामुळे विद्यावंत वैद्य हळूहळू शस्त्रापासून दूर गेला आणि शस्त्र धारदार वस्तरा ज्याच्याकडे आधीच होता त्या न्हाव्याकडे गेले. अशुचीच्या कल्पनेने आपल्याकडे जे केले, तेच तेथे धर्माज्ञेने केले, असे म्हणता येईल.

पॅरिसमध्ये तीन पायऱ्या तयार झाल्या. सर्वांत वर विद्यापीठाचे वैद्य. ते लॅटिन जाणत, औषध सांगत आणि रुग्णाच्या देहाला सहसा हात लावत नसत. मध्ये संत कोम यांच्या नावाने स्थापन झालेल्या मंडळाचे शल्यविद. ते स्वतःला लांब झग्याचे म्हणवीत. सर्वांत खाली आखूड झग्याचे न्हावी-शल्यविद. शवविच्छेदनाच्या वेळी अध्यापक उंच आसनावर बसून ग्रंथ वाचत असे आणि खाली न्हावी शव कापत असे. वाचणाऱ्याला कापता येत नसे आणि कापणाऱ्याला वाचता येत नसे. एका पंखाच्या दोन पक्ष्यांचे याहून स्पष्ट चित्र सापडणे कठीण.

या खालच्या पायरीवरूनच आम्ब्रुआझ पारे हा पुरुष वर आला. त्याचा जन्म १५१० च्या सुमारास एका सामान्य कुटुंबात झाला. न्हाव्याच्या दुकानात उमेदवारी, नंतर पॅरिसच्या मोठ्या रुग्णालयात सेवा आणि पुढे सैन्यात शल्यविद, असा त्याचा प्रवास. बंदुकीच्या जखमा विषारी असतात असा तेव्हा समज होता आणि त्यांवर उकळते तेल ओतीत. इटलीतील एका मोहिमेत तेल संपले. पारेने नाइलाजाने अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचा लेप लावला. रात्रभर त्याला झोप आली नाही. सकाळी पाहतो तो लेप लावलेले सैनिक शांत होते. तेल ओतलेल्यांना ज्वर, वेदना आणि सूज होती. त्याने निरीक्षण लिहून ठेवले आणि १५४५ मध्ये ते ग्रंथरूपाने छापले. ग्रंथ लॅटिनमध्ये नव्हता, लोकांच्या फ्रेंच भाषेत होता. अंगच्छेदानंतर रक्तवाहिनी डागण्याऐवजी धाग्याने बांधण्याची रीत त्याने रूढ केली. लॅटिन येत नसतानाही १५५४ मध्ये संत कोम मंडळाने त्याला आपल्यात घेतले. विद्यापीठाने विरोध केला. पण चार राजांचा शल्यविद झालेल्या या माणसाचे लेखन कोणी पुसू शकले नाही.

पारेनंतर मार्ग सरळ झाला असे नव्हे. १६५६ मध्ये संत कोमचे शल्यविद आणि न्हावी-शल्यविद यांचे एकत्रीकरण झाले. लगेच १६६० मध्ये पॅरिसच्या न्यायपीठाने या एकत्रित मंडळाला विद्यापीठाच्या वैद्यांच्या अधीन केले. न्हाव्यांची संगत धरल्यामुळे शल्यविदांची प्रतिष्ठा खालावली. पुढे १६७३ मध्ये केवळ हजामत व केसांचे टोप करणाऱ्यांचा स्वतंत्र संघ झाला आणि शस्त्रकर्म करणारा न्हावी व केस कापणारा न्हावी यांच्या वाटा वेगळ्या होऊ लागल्या.

आणि मग १६८६ साल उजाडले. चौदावा लुई राजा भगंदराने पीडित होता. लेप, मलम सर्व झाले, गुण येईना. राजाचा प्रमुख शल्यविद फेलिक्स याने आधी अन्य रुग्णांवर सराव केला, त्यासाठी खास वक्र शस्त्र घडवून घेतले आणि १८ नोव्हेंबर १६८६ रोजी व्हर्साय येथे राजावर शस्त्रकर्म केले. संज्ञाहरण नव्हते. राजा बरा झाला. फेलिक्सला धन आणि जहागीर मिळाली आणि दरबारात शल्यविद्येला मान मिळाला. भगंदर हा आपल्याकडे अष्टमहागदांतील व्याधी. युरोपात शल्यविद्येचा सामाजिक उत्कर्ष याच व्याधीच्या चिकित्सेने घडवावा, हा योग आयुर्वेदाच्या वाचकास खचितच रोचक वाटेल.

एकाच वर्षाची दोन कागदपत्रे

राजकृपेचा उपयोग पुढच्या पिढीतील शल्यविदांनी शहाणपणाने केला. मारेशाल आणि ला पेरोनी या राजशल्यविदांच्या प्रयत्नांनी १७२४ मध्ये संत कोम येथे पाच अध्यापकांच्या जागा निर्माण झाल्या. १७३१ मध्ये शल्यविद्येची राजमान्य अकादमी स्थापन झाली. देशभरातील शल्यविदांनी आपले दुर्मीळ रुग्ण, नवी शस्त्रे आणि अपयशसुद्धा या अकादमीला कळवावे, तेथे त्याची चर्चा व्हावी, अशी ही योजना होती. विद्यापीठाच्या वैद्यांनी खटले भरले, विरोधात पुस्तिका छापल्या. अखेर २३ एप्रिल १७४३ रोजी पंधराव्या लुईची आज्ञा निघाली. तिच्यान्वये शल्यविद आणि न्हावी यांचे संबंध तुटले. पॅरिसमध्ये शल्यविद होण्यासाठी यापुढे विद्यापीठाची कलाशाखेची पदवी आवश्यक ठरली. दोन वर्षांनी, १७४५ मध्ये, इंग्लंडनेही शल्यविद व न्हावी यांचा १५४० पासून चालत आलेला संयुक्त संघ मोडला.

इतिहासाच्या पुस्तकांत १७४३ हे वर्ष या राजाज्ञेसाठी नोंदवले जाते. आमच्या दृष्टीने त्याच वर्षी घडलेली दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. त्याच १७४३ मध्ये शल्यविद्या अकादमीच्या निबंधसंग्रहाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. राजाज्ञेने शल्यविदाला अधिकार दिला आणि या खंडाने तो अधिकार सार्थ करून दाखवला. पहिले पत्र नसते तर दुसऱ्याला आश्रय मिळाला नसता. दुसरे नसते तर पहिले म्हणजे दरबारी मर्जीचा एक कागद राहिला असता. फ्रेंच शल्यविद न्हाव्यापासून वेगळा झाला तो केवळ वस्तरा टाकल्याने नव्हे. शिक्षण, परीक्षा आणि नोंद हा दुसरा पंख त्याने मिळवला म्हणून तो वेगळा झाला.

क्रांतीनंतर १७९४ मध्ये फ्रान्समध्ये नव्या आरोग्यविद्यालयांत कायचिकित्सा आणि शल्य ही एकत्र शिकवली जाऊ लागली. औषधविक्रेत्यांच्या इतिहासातही याचे प्रतिबिंब आहे. पॅरिसचे औषधनिर्माते दीर्घकाळ किराणा व्यापाऱ्यांच्या संघात होते. १७७७ मध्ये त्यांचे स्वतंत्र विद्यालय स्थापन होऊन ते वेगळे झाले. तेथेही विभाजनरेषा होती ती शिक्षणाची, परीक्षेची आणि निर्मितीवरील जबाबदारीचीच.

पुण्याचा तो अनाम कारागीर आता पारेशेजारी उभा करून पाहावा. दोघेही सामान्य घरचे, दोघांचाही हात निष्णात. पारेला स्वतःच्या भाषेत छापण्याची सोय होती आणि विरोध सोसून का होईना, आत घेणारे एक मंडळ होते. आपल्या कारागिराला अक्षर नव्हते, मंडळ नव्हते, वर जाण्याची शिडी नव्हती. त्याचे ज्ञान दुसऱ्याने, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या देशात लिहिले. म्हणून त्याचे श्रेयही तेथेच गेले.

आपल्याकडील पुनर्मीलन

आपल्या देशात हात आणि ग्रंथ पुन्हा एकत्र आले ते एकोणिसाव्या शतकात. मुंबईत १८२६ मध्ये देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी शाळा सुरू झाली, पण १८३२ मध्ये ती बंद पडली. कलकत्त्याला १८३६ मध्ये पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले. ते स्वतः वैद्य होते आणि संस्कृत महाविद्यालयात त्यांनी आयुर्वेद शिकवला होता. शव आणि वैद्य यांच्यातील दीर्घ दुरावा एका वैद्यानेच संपवावा, हे आपल्याला अभिमानास्पद आहे. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये निघाले आणि डॉ. भाऊ दाजी लाड हे त्याच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक.

आपल्या भागात हा बदल मिरजेच्या रूपाने आला. विल्यम वानलेस हे शल्यचिकित्सक १८८९ मध्ये भारतात आले आणि मिरजेचे रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले. मोतीबिंदू, अश्मरी, गाठी यांसाठी दूरदूरचे रुग्ण तेथे येऊ लागले. शस्त्रकर्मासाठी मिरजेला जाणे हा दक्षिण महाराष्ट्रात परिपाठ झाला. गावच्या न्हाव्याच्या हातातील शस्त्रकर्म हळूहळू नाहीसे झाले. त्याची कोणी परीक्षा घेतली नाही, त्याला कोणी शिकवले नाही. फक्त त्याच्याकडे येणे लोकांनी सोडले. साताऱ्याच्या महाविद्यालयाने ‘आर्यांग्ल’ हे नाव धारण केले, त्यात आर्य आणि आंग्ल या दोन वैद्यकांचा समन्वय साधण्याची त्या पिढीची आकांक्षाच व्यक्त झाली आहे.

कायद्याची पावलेही क्रमाने पडली. मुंबई इलाख्याच्या १९३८ च्या वैद्यकव्यवसायी कायद्याने देशी वैद्यांच्या नोंदणीची व्यवस्था केली. त्यानंतर महाराष्ट्राचा १९६१ चा कायदा, केंद्राचा १९७० चा भारतीय चिकित्सा परिषद कायदा आणि २०२० चा राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला. सुश्रुताने सांगितलेली राजानुज्ञा आज या रूपाने आपल्या हाती आहे.

आपला खंड कोठे आहे?

नोव्हेंबर २०२० मध्ये भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने अधिसूचना काढली. शल्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ३९ आणि शालाक्याच्या विद्यार्थ्यांसाठी १९, अशी एकूण ५८ शस्त्रकर्मे तीत नमूद केली गेली. आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांच्या संघटनेने ११ डिसेंबर २०२० रोजी देशभर काम बंद ठेवून निषेध केला. आपल्या बाजूने सुश्रुताचे नाव घेऊन उत्तरे दिली गेली. सुश्रुत आमचाच आहे, हे खरेच. परंतु दोन हजार वर्षांपूर्वीच्या आचार्याचे श्रेष्ठत्व सिद्ध केल्याने आजच्या वैद्याची योग्यता सिद्ध होत नाही, हेही तितकेच खरे. निषेध करणाऱ्यांचा प्रश्न कटू होता, पण तो पुराव्याचा होता. त्याला पुराव्यानेच उत्तर द्यावयास हवे. १७४३ च्या भाषेत बोलावयाचे तर राजाज्ञा आपल्या हाती आली आहे. आपल्या रुग्णवृत्तांचा खंड कोठे आहे?

असे लेखन आपण करू शकतो, याचे प्रमाण भगंदराच्याच चिकित्सेत आहे. सुश्रुताने कृश, दुर्बल, भीरू रुग्णांच्या आणि मर्माश्रित नाडीव्रणात क्षारसूत्र सांगितले. चक्रदत्ताने स्नुहीक्षीर व हळद यांनी भावित सूत्राचा उल्लेख केला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बनारस हिंदू विश्वविद्यालयातील डॉ. पी. जे. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला निश्चित रूप दिले. स्नुहीक्षीराचे ११, स्नुहीक्षीरासह अपामार्गक्षाराचे ७ आणि स्नुहीक्षीरासह हरिद्रेचे ३ असे २१ लेप ठरले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने बहुकेंद्री तुलनात्मक परीक्षण करून त्याचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. क्षारसूत्राने व्रण भरण्यास सुमारे ८ आठवडे लागले, शस्त्रकर्माने ४. पण पुनरुद्भव क्षारसूत्रात ४ टक्के आणि शस्त्रकर्मात ११ टक्के आढळला. हा निष्कर्ष एकतर्फी नाही, म्हणूनच तो विश्वसनीय आहे. आपला वेळ अधिक लागतो हे त्यात मोकळेपणाने लिहिले आहे. असा एक निबंध हजार व्याख्यानांहून आयुर्वेदाची अधिक सेवा करतो.

वैद्यांचे आणि औषधालयांचे कर्तव्य

खंड लिहिण्यासाठी मोठी संस्थाच हवी असे नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत क्षारसूत्र, अग्निकर्म, जलौकावचरण नित्य करणारे वैद्य अनेक आहेत. दर आठवड्यास क्षारसूत्र बदलताना जुन्या सूत्राची लांबी मोजली जातेच. आरंभीची लांबी सेंटिमीटरमध्ये आणि सूत्र गळून पडेपर्यंतचे एकूण दिवस लिहिले, तर दिवसांना लांबीने भागून एका सेंटिमीटरला किती दिवस लागले हे निघते. त्यासोबत वय, भगंदराचा प्रकार, मधुमेह आहे का, पूर्वी शस्त्रकर्म झाले होते का आणि एका वर्षानंतर पुनरुद्भव झाला का, एवढ्या पाच गोष्टी एका वहीत लिहिल्या तरी पुरे. ज्या रुग्णांत यश आले नाही, त्यांची नोंद प्रथम करावी. पारेची ख्याती उकळत्या तेलाच्या अपयशाची प्रामाणिक नोंद केल्यामुळेच झाली, हे विसरू नये.

मर्यादाही लिहून ठेवाव्यात. अधिसूचना ज्यांच्यासाठी आहे तेवढ्याच पदव्युत्तर वैद्यांनी तेवढीच शस्त्रकर्मे करावीत. संज्ञाहरणतज्ज्ञ, निर्जंतुकीकरण आणि लेखी संमती यांवाचून शस्त्र उचलू नये. आवाक्याबाहेरचा रुग्ण वेळेत पुढे पाठवावा. जो यापैकी काहीच न करता सुश्रुताचे नाव पाटीवर लावतो, तो १७४३ पूर्वीच्या पॅरिसमधील न्हाव्यापेक्षा पुढे गेलेला नाही. त्या न्हाव्याने निदान उमेदवारी तरी केलेली असे.

औषधालयांच्या चालकांनाही या खंडात स्थान आहे. क्षारसूत्राची लेपसंख्या, स्नुहीक्षीर संकलनाचा ऋतू, निर्मितीची तारीख आणि गटक्रमांक वेष्टनावर असल्याशिवाय वैद्याच्या नोंदीला अर्थ येत नाही. सूत्र प्रत्येक वेळी वेगळे असेल, तर दिवसांची तुलना व्यर्थ ठरते. उत्तम निर्मिती पद्धतीचे नियम आयुर्वेदीय औषधांसाठी २००० मध्ये अधिसूचित झाले. त्यांचे पालन तपासनीसाच्या भीतीपोटी न होता वैद्याच्या वहीसाठी व्हावे, अशी आमची अपेक्षा आहे.

आमची सूचना अशी की, दोन्ही जिल्ह्यांतील शाखांनी समान नमुन्यातील नोंदवही ठरवावी, वर्षातून एकदा त्या वह्या एकत्र वाचाव्यात आणि निवडक वृत्ते, यशाची तशीच अपयशाचीही, या त्रैमासिकात छापावीत. त्याबरोबर आपापल्या गावातील वृद्ध न्हावी, हाडवैद्य, वैदू, सुईणी यांच्याकडे उरलेले कर्मज्ञान त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या नावासह लिहून घ्यावे. त्यातील काय ग्राह्य आणि काय त्याज्य, हे शास्त्राने पुढे ठरवावे. पुण्याजवळच्या त्या कारागिराने कावसजीच्या चेहऱ्यावर नाक परत आणले. त्याचे नाव मात्र आपल्यापैकी कोणी लिहून ठेवले नाही. जे कर्म लिहिले जात नाही ते कर्त्याबरोबर जाते, आणि उरले तर दुसऱ्याच्या नावावर उरते. असो.